होकार घेणारी धवलारीण

शेलार गावच्या गोमाबाय धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात मांडव पुजण्यापासून हळद लावण्यापर्यंतचे विधी धवले, म्हणजे लग्नगीतं, गाऊन जी बाई पार पाडते, ती धवलारीण. गोमाबायनी हे सगळं सासूच्या तोंडून उचललं होतं. वय झालं, गुडघे धरले, गळा बसला, तेव्हा त्यांनी नातसुनेला, मेघालीला, पुढे केलं. मेघाली गोदामात पॅकिंगला जायची. शिफ्ट करून आली की भाकऱ्या थापता थापता आजेसासूच्या मागून म्हणायची. चुकली की गोमाबाय पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत.

गाण्यांबरोबर एक नियमही आला. धवला धरण्याआधी नवरीला आतल्या खोलीत एकटीला गाठायचं आणि लग्न मनापासून आहे का, ते विचारायचं. होकार आपल्या कानांनी ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मेघालीला ही नुसती रीत वाटायची. आजवर प्रत्येक मुलगी लाजून हो म्हणाली होती.

गेल्या वर्षी गावातल्या केसरीनाथच्या मुलीची, ऋतिकाची, हळद होती. सकाळीच मांडव भरला होता, बेंजोवाले वाजवायच्या तयारीत होते. मेघालीनं आत जाऊन दार लोटलं आणि विचारलं.  ऋतिका म्हणाली, मुलगा दारू पिऊन फोन करतो, वाटेल ते बोलतो. घरी सांगून पाहिलं, पण लग्नानंतर सुधारेल म्हणत सगळ्यांनी गप्प बसवलं.

"मग तुझं काय म्हणणं?"

"मना लगीन न्हाय कराचा."

 मेघाली बाहेर आली आणि केसरीनाथला बाजूला घेऊन म्हणाली, मी धवला धरणार नाही. त्यानं आधी विनवलं, मग आवाज चढवला. गाणाऱ्या बाईनं गावं, लग्न ठरवू नये, असं सुनावून तो तडक गोमाबायकडे निघाला. म्हातारी नातसुनेला दटावेल आणि स्वतः येऊन बसेल, असं त्याला वाटलं. मेघालीही मागोमाग गेली.

गोमाबाय ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं.

"केसरी," त्या म्हणाल्या, "तुज्या आयला माज्या सासूनं इचारलेलं. मी दाराशी उभी व्हती. ती न्हाय बोलली असती तर आमी तशाच मागारी फिरलो असतो. तुज्या पोरीचा मान तुज्या आयपेक्षा कमी हाय का?"

 केसरीनाथ घरी परतला, तोवर बायकांना कळलं होतं. त्या ऋतिकाला मधे घेऊन बसल्या होत्या आणि हळदीच्या वाटीला कुणी हात लावत नव्हतं. लग्न मोडलं.

गावात बभ्रा झाला. आधी बोलावलेल्या बऱ्याच घरांनी मेघालीला नको म्हणून सांगितलं आणि मोबाइलवर धवले लावून हळदी उरकल्या. गोदामात तिचं लक्ष लागेना. शेजारी खोकी बांधणाऱ्या निजामपुऱ्याच्या हबीबा नावाच्या मैत्रिणीनं कारण विचारलं, आणि ऐकून आपल्या दादीचं सांगितलं. निकाहच्या वेळी वकील, म्हणजे मुलीचा होकार आणायला नेमलेला माणूस, कबुली घ्यायला येण्याआधी दादी स्वतः मुलीपाशी बसून तिचं मन विचारायची. एकदा मुलगी नको म्हणाली, तेव्हा तर तिनं वकिलाला दारातूनच परत पाठवलं होतं.

"लोक बोलले असतील?" मेघालीनं विचारलं.

"लई बोलले. दादीनं ऐकून घेतलं. पुढच्या निकाहलाही दारात तीच बसली."

मेघालीनं ठरवलं, जे बोलावतील त्यांच्याकडे जायचं, आणि विचारल्याशिवाय गायचं नाही. बोलावणी कमी आली, पण जिथे गेली तिथे तिनं ते दार लोटलंच. पौषात गोमाबाय गेल्या. शेवटपर्यंत त्या अंथरुणातून तिचे शब्द सुधारत होत्या. ऋतिका आता धामणकर नाक्यावरच्या एका दवाखान्यात कामाला जाते.

केसरीनाथ मेघालीशी अजून बोलत नाही. पण धाकट्या मुलीचं जमलं, तेव्हा त्याची बायको धवल्याच्या आमंत्रणाची सुपारी घेऊन मेघालीच्याच ओट्यावर आली.