पार्किंगमधलं कासव

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. फरसाणाच्या डब्यातल्या चुऱ्यासारखे ते आपोआप तळाशी साठतात. पडेगावचं आमचं छोटं विज्ञान केंद्र बंद झालं, सगळे पांगले, पण चुरा माझ्याकडेच राहिला.

'दूरच्या बेटांवरची कासवं' हे आमचं दालन. मधोमध फायबरचं राक्षसी कासव, चांगलं वासराएवढं, दालन सांभाळणाऱ्या कुलकर्णी सरांनी स्वतःच्या हातांनी बनवलेलं. वर तारांना टांगलेली समुद्री कासवं. मी तिथली गाईड. त्यातलं एखादं डोक्यावर पडेल या भीतीनं मी कायम दाराजवळ उभी राहून बोलायचे.

*

एकदा एका शाळेतल्या मुलांना सांगत होते, निकोबारच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला कशी येतात ते. मध्येच लाईट गेली. मी धीर धरून बोलत राहिले. तेवढ्यात लाईट आली आणि लाटांची टेप फुल आवाजात सुरू! मी अशी किंचाळले की पोरांनी टाळ्याच वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या बाईंचा फोन आला. "दुसरी तुकडी आणतोय. त्या ओरडणाऱ्या ताईच द्या."

*

देवगाव रंगारीहून सहल आली होती. सगळ्यांनी दारातच चपला काढल्या. कासवाच्या पाठीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि समोर पाहिलं. देवळात कासवासमोर देव असतोच ना. इथं समोर मी होते, हातात छडी घेऊन. एका आजींनी मला हात जोडले. मी घाबरून उलट त्यांनाच जोडले.

तिकीट फाडणारे आमचे गाढे त्याच गावचे. नंतर म्हणाले, "मॅडम, आशीर्वाद तरी द्यायचा. लई आशेनं आल्या होत्या."

*

त्याच सहलीतल्या एका मामांनी विचारलं, हे कासव जगतं किती? मी म्हटलं, शंभर वर्षांच्या वर. मग इतकी वर्षं करतं काय, असं ते म्हणाले. मी 'परिसंस्था' समजावायला सुरुवात करणार, तोच गाढे बोलले, "काहीच नाय करत, मामा. म्हणून तर जगतंय."

मामा मामीकडं वळले. "बघ. अन् तू मला रोज शेतावर धाडती."

*

सरांनी खरं राक्षसी कासव कधीच पाहिलं नव्हतं. मानेवरची एकेक सुरकुती त्यांनी फोटो बघून कोरलेली. बेटावर जायचा बेत दरवर्षी ठरायचा नि मोडायचा. कधी मुलीची ॲडमिशन, कधी आईचं आजारपण. वाईट नाही का वाटत, असं मी एकदा विचारलं.

सर ब्रशनं त्याची धूळ झटकत होते. म्हणाले, "त्याला कुठं घाई आहे? घाई मला आहे."

*

सर रिटायर व्हायला आले आणि केंद्र बंद करून तिथं कॉम्प्युटर क्लास येणार असं ठरलं. समुद्री कासवं एका शाळेनं नेली. एवढं मोठं धूड मात्र कुणालाच नको होतं, म्हणून ते भंगारात निघालं. त्या दुपारी सरांनी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो बोलावून त्यांनी कासव गारखेड्याला, आपल्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये नेलं. कार रस्त्यावर उन्हात लावली. सरांच्या मिसेस, आमच्या काकू, गॅलरीतून सगळं पाहत होत्या.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली. रविवारपर्यंत हलवा, नाहीतर आम्ही भंगारवाल्याला देतो.

रविवारी गाढे आणि मी गेलो. सेक्रेटरी दोन हमाल आणि दोर घेऊन हजर होते. मी खांबाआड. सर कासवाच्या मानेवर हात ठेवून उभे.

इतक्यात लिफ्टमधून काकू आल्या. एका हातात ताट, दुसऱ्या हातात मेथीची जुडी. थेट कासवाच्या पाठीवर बसल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

"वहिनी, उठता का जरा? हे हलवायचंय," सेक्रेटरी म्हणाले.

काकूंनी मानसुद्धा वर केली नाही. "सवत आहे ही माझी, किती तरी वर्षांची. हाकलायची तर मी हाकलीन. तुम्ही कोण?"

हमालांनी दोर खाली ठेवला.

काकूंनी अर्धी जुडी सरांपुढे धरली. "उभे काय राहिलात? त्या बाजूला जागा आहे."