पणजोबांची मूठ

समस्त गावकरी मंडळी, पाव्हणेरावळे आणि मंडईच्या जत्रेला माहेरी आलेल्या लेकीबाळी यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, माझे पणजोबा गुंड होते. थोर पुरुष नव्हते, देशभक्त नव्हते, गैरसमजातून बदनाम झालेले सज्जन तर मुळीच नव्हते. तेल पाजलेल्या काठीचे अस्सल बाजारगुंड होते. हे ऐकून ज्यांना खेद होईल, त्यांनी तो आपापल्या घरी करावा. मला आनंदच होतो.

ही घोषणा करायची पाळी आणली आमच्या मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावानं. गावात शिरणाऱ्या रस्त्यावर त्यांनी हौसेनं कमान उभी केली आणि तिच्यावर आपल्या आजोबांचं, म्हणजे माझ्या पणजोबांचं नाव 'स्वातंत्र्यवीर' लावून रंगवायचं ठरवलं. पुरावा काय, तर म्हणाले, "आज्याच्या हातावर गोऱ्या सोजिराच्या संगिनीचे वण होते. म्या डोळ्यानं पाह्यले."

वण खरे होते. सोजीर खोटा होता. खरी हकिगत माझ्या वडिलांनी मला शंभरदा सांगितली आहे, आणि ती अशी.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला अड्याळच्या बाजारात पणजोबांचं राज्य होतं. डोक्याला लाल पटका, कानात बाळी, मागे चार टगे. ते कुणाला मारत नसत. मारायची गरज उरू नये इतकं त्यांनी आधीच मारून ठेवलं होतं. बाजारात शिरले की प्रत्येक पाटीत हात घालायचा, एक मूठ उचलायची आणि मागच्या टग्याच्या झोळीत टाकायची. लाखोळीची डाळ, मिरच्या, सुकी मासोळी, जे असेल ते. याला ते 'मान' म्हणत. मान घेतानाचे नियम कडक. पाटीत बघायचं नाही, विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं, कारण माल बघून घेतो ते गिऱ्हाईक. आणि भरलेली मूठ पाटीत परत सोडायची नाही.

त्या बाजारात एक ढिवरीण, म्हणजे आमच्याकडची कोळीण, शिंगाडे घेऊन बसायची. तळ्यातून काढलेल्या ताज्या शिंगाड्याला दोन्ही बाजूंनी काटे असतात, बाभळीनं लाजावं असे. विकायला आणताना ते मोडून, शिंगाडे उकडून आणतात. पणजोबांची मूठ पाटीत खोल जाते, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. एका बाजारी तिनं वर उकडलेले काळे शिंगाडे पसरले, खाली हिरवे काटेरी भरले आणि त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन बसली.

पणजोबांनी मनगटापर्यंत हात घातला आणि मूठ आवळली.

आता सोडावी तर मान जातो, धरावी तर हात जातो. त्यांनी हात दिला. बोटांमधून रक्त गळतंय, डोळ्यांतून पाणी, मिशी जागच्या जागी. ढिवरीण अगदी गरीब आवाजात म्हणाली, "आणखी घ्या ना, मालक. घरी लेकरं असतीन."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा बाजार हसला. पुढच्या बाजारी प्रत्येक पाटीवर एकेक काटेरी शिंगाडा ठेवलेला होता. डाळीवर शिंगाडा, मिरच्यांवर शिंगाडा. कुंभारानं तर पालथ्या मडक्यावर ठेवला, जिथून घेण्यासारखं काहीच नव्हतं. पणजोबा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले; हात घालायला त्यांना जागा मिळाली नाही. ते तसेच नागपूरला गेले, गिरणीत लागले आणि म्हातारे होऊन परतले. मरेपर्यंत एकादशीलासुद्धा शिंगाड्याच्या पिठाला शिवले नाहीत.

हा माणूस मला आवडतो. हात सोलून निघाला तरी मूठ न सोडणारा हा हट्टी चोर माझा पणजोबा आहे. कमानीवरच्या स्वातंत्र्यवीराला मी ओळखत नाही. म्हणून मी जाहीर केलं की, यंदा मंडईच्या दंडारीत हीच गोष्ट होईल आणि पणजोबांचं सोंग मीच घेईन. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि भरदुपारी दंडारीचा, म्हणजे सोंगं घेऊन नाचत-गात गोष्ट सांगायचा, खेळ रंगतो. त्यात बायकांची सोंगंही पुरुषच घेतात, अशी जुनी रीत.

ती रीत आमच्या गावात शिंगाडे विकणाऱ्या बाईनं मोडली. ती त्याच ढिवरणीची नातसून.

"माह्या आजेसासूचं काम मिशीवाला करन, मंग मी कायले हाव?" ती म्हणाली. "आन तुमचा पणजा कमानीवर चढला, त आजेसासूनं काय सोजिराले शिंगाडे देल्ले म्हणू?"

"ये मग. पण काटे रबराचे आण."

"रबराचे काटे कोणत्या तळ्यात होते, भाऊ?"

मोठेबाबा दारात आले, बसले नाहीत. तरुणपणी हेच आमच्या दंडारीचे मुख्य सोंगाडे. कुणी चुकला की स्वतःचा नाच थांबवून भर खेळात त्याला झापायचे.

"आज्याले दंडारीत काढशीन, त तुह्या घरचं पाणी मले बंद," ते म्हणाले.

"मी दंडारीत काढून राहिलो, मोठेबाबा. तुम्ही त घरातूनच काढून राहिले."

"तुह्या बापाले गोष्टी रचाची सवय होती. आज्यानं कोणाच्या पाटीले कधी हात लावला नाही. समजलं?"

वडील गेल्यापासून आमच्या घरात वडीलधारं असं तेवढं एकच माणूस उरलं होतं. त्यांनी पाणी तोडलं असतं, तर अर्धं खानदान त्यांच्यामागे गेलं असतं. मला भीती वाटत होती. तरीही मी लाल पटका बांधला.

मंडईच्या दुपारी मैदान खच्चून भरलं. खेळ संपला की लगेच कमानीचं उद्घाटन, म्हणून मोठेबाबा पांढरं धोतर नेसून पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसलेले. मागे कमानीवर चादर टाकलेली. मी डाव्या हातातली काठी आपटत आलो, चार पाट्यांतून मान घेतला, लोक हसले. मोठेबाबा हलले नाहीत. मग ढिवरणीसमोर आलो. तिनं डोळ्याला डोळा दिला. मी उजवा हात मनगटापर्यंत पाटीत घातला आणि मूठ आवळली.

बाई शब्दाची पक्की निघाली. काटे खरे होते. माझ्या तोंडून निघालेला आवाज तालमीत बसवलेला नव्हता, आणि माझ्या डोळ्यांतून खरं पाणी आलं.

ढोलकी थांबली. मोठेबाबा उठून उभे राहिले. त्यांच्यापाठोपाठ आमची माणसंही उठायला लागली. झालं, मी मनात म्हटलं, पाणी तुटलं. पण मोठेबाबा बाहेर गेले नाहीत. लाल डोळ्यांनी दोन पावलं पुढे आले, सगळ्या मंडईदेखत हातातली काठी माझ्यावर रोखली आणि ओरडले:

"अबे, डावा हात. डावा घातला होता आज्यानं पाटीत, उजव्यात काठी होती त्याच्या."