धावड्याचा तांब्या

भोकरदनला एक लहानसे वस्तुसंग्रहालय आहे. दोन खोल्या, एक ओसरी, पुढे फरशीचे अंगण. आत तिफण, मोट, जाती, पितळी डबे, धान्य मोजायची मापे. बहुतेक सगळे तालुक्यातल्याच घरांनी दिलेले. एक निवृत्त शिक्षक ते चालवतात. त्यांना सगळे सरच म्हणतात. पाडव्याला वस्तू देणाऱ्या कुटुंबांना बोलावून अंगणात एकच गुढी उभारायची, ही कल्पना त्यांची. घरोघरच्या गुढ्या सकाळीच उभ्या राहतात, म्हणून त्यांनी वेळ थोडी उशिराची ठेवली होती.

मी बायको आणि मुलीला घेऊन गेलो. आमच्या घरचा पाटा-वरवंटा तिथे आहे. शिवाय गाठी आणायचे काम माझ्याकडे होते. मी पोहोचलो तेव्हा कोणी कडुलिंबाच्या डहाळ्या आणल्या होत्या, कोणी हिरवी साडी, कोणी वेळू. भांड्यांचे दुकान असलेले एक चाचा नातींसह आले होते. संग्रहालयातल्या तांब्यापितळेची डागडुजी तेच करतात. मुलांना कडुलिंब, गूळ आणि ओवा वाटून केलेली गोळी दिली जात होती. मुले तोंड वाकडे करत, आणि तोंड गोड करायचे म्हणून माझ्या गाठीतले एकेक पदक मोडून घेत. गुढीला बांधायच्या वेळी गाठ अर्धीच उरली होती.

सगळे वाट बघत होते ती धावड्याच्या काकूंची. गुढीवर लागणार तो तांब्या त्यांचा. धावडा गावातले घर बंद करून त्या जालन्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या तेव्हा त्यांनी तो संग्रहालयाला दिला होता. एरवी मांडलेली कोणतीही वस्तू जागेवरून हलवायची नाही हा सरांचा नियम. पाडव्यापुरता, आणि अंगणापुरता, तो त्यांनी सैल केला होता.

काकू सुनेबरोबर आल्या. हातात रिकामी कापडी पिशवी होती. सरांनी पाणी पुढे केले.

“आधी तांब्या दाखवा, सर. मंग पाणी.”

सरांनी तांब्या आणून ओसरीवर ठेवला. काकूंनी त्याच्याकडे बघितले, बोटाने ढकलला. तांब्या जागचा हलला नाही.

“हा माझा न्हाई.”

“तुमचाच आहे काकू,” सर म्हणाले. “काठावरची वेलबुट्टी बघा.”

“वेलबुट्टी माझी आहे. पण माझा तांब्या खाली ठेवला की डुलायचा. हा तर पाहुण्यावानी बसला.”

चाचांनी अभिमानाने खुलासा केला. तांब्याच्या बुडाला बाहेरून टेंगूळ आले होते, त्यामुळे तो काचेच्या कपाटात उभा राहत नव्हता. सरांनी सांगितले, चाचांनी बूड ठोकून बराबर केले. “बिलकुल नवा करून दिला, काकू.”

काकूंनी कपाळाला हात लावला. “नवा कोणी मागितल्ता? त्या टेंगळाच्या आत खळगा होता. वेळूचं टोक त्या खळग्यात बसायचं. पालथा घालायचा, वरून बुडावर वरवंटा मारायचा. माझ्या सासूबाईंनी मारला, मी मारला, तेव्हा कुठं तो खळगा पडला.”

अंगणात हसू पसरले. चाचा हसले नाहीत, सरही नाही. काकूंनी पिशवी उघडून दाखवली.

“मागच्या पाडव्याला ह्या पोरांच्या गॅलरीत स्टीलचा गडू लावला. गुढी कसली, झेंडूच्या काडीवानी दिसत होती. तवाच ठरवलं. इथं माझा तांब्या गुढीवर बसला तर राहू द्या तुमच्याकडं. न्हाई बसला तर मी घेऊन चालले.”

“आत्याबाई, फ्लॅटात ठेवायचा कुठं?” सून म्हणाली.

“तुझ्या टीव्हीपुढं.”

“मग मालिका कशी बघाल?”

“तांब्या बघीन.”

वेळूच्या टोकाला साडीच्या निऱ्या बांधल्या, कडुलिंब आणि उरलेली गाठ बांधली. तांब्या पालथा घातला. वेळू उभा करताच तांब्या एका बाजूला कलला. पुन्हा आडवा केला, निऱ्यांची एक घडी वाढवली. या वेळी वेळू सरळ झाला, तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि तांब्या सुटला. सरांनी तो दोन्ही हातांनी झेलला. शाळेत खोखो शिकवल्याचा उपयोग झाला, असे ते नंतर म्हणाले. त्या क्षणी मात्र त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. काकूंची पिशवी अजून उघडीच होती.

“काकू, मी हातोडी घेऊन आलो जल्दी,” चाचा म्हणाले. “आतून दोन ठोके मारतो. जसा होता तसा करून देतो.”

“तुम्ही आता बसा बरं दादा. तुमचा हात लई चांगला आहे, तेच तर झालं.” मग त्या सरांकडे वळल्या. “वरवंटा आहे का?”

वरवंटे आतल्या खोलीत ओळीने मांडलेले होते. सर काही बोलायच्या आत काकू आत गेल्या, दोन-तीन उचलून पाहिले आणि एक घेऊन बाहेर आल्या. तो आमचा होता. सरांनी माझ्याकडे बघितले. मी मान डोलावली. त्यांचा नियम तासाभरात दुसऱ्यांदा मोडला होता.

काकूंनी विळीने वेळूचे टोक थोडे निमुळते करायला लावले. वेळू ओसरीच्या कडेला तिरपा धरला. चाचांनी खालून रेटून धरला, सुनेने निऱ्या सावरल्या. काकूंनी तांब्या पालथा घालून नेमका मध्य बोटाने चाचपला आणि वरवंटा मारला. फार जोरात नाही. आवाज घंटेसारखा उमटला. सरांनी डोळे मिटून घेतले. काकूंनी आणखी एकदा मारला आणि बाजूला झाल्या.

गुढी उभी राहिली. पुन्हा झुळूक आली. साडी फडफडली, तांब्या हलला, पण राहिला. टाळ्या वाजल्या.

काकू अंगणाच्या टोकाला जाऊन बघत उभ्या राहिल्या. “वाकडा आहे.”

“थोडासा,” चाचा म्हणाले.

“खळगा अजून कुठं पडला? एका पाडव्यात पडत असतो का? दरसाल ठोकावा लागंल.”

“दरसाल?” सरांनी विचारले.

“मंग काय! तांब्या काचंत बसवून पडतो का खळगा?”

सरांनी वर बघितले. मग म्हणाले, “दरसाल या, काकू. आणि उद्यापासून कपाटात पालथाच ठेवतो. बूड सपाट असायची गरज नाही.”

काकूंनी पिशवीची बारीक घडी घातली आणि सुनेच्या पर्समध्ये कोंबली. तेव्हा कुठे त्यांनी पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर वरवंटा माझ्या बायकोच्या हातात दिला.

“तुमचा आहे का हा? वजनाला चांगला आहे. मंग तुम्हालाबी यावं लागंल दरसाल. अन् गाठी जरा जास्तीच्या आणा.”