राळेचा खडा

आज किराणा दुकानात राळेची पुडी फुटली आणि त्या वासासरशी मी काटेवाडीत पोचले, शेजारच्या तान्याकाकूंच्या पडवीत.

काकू मूळच्या रशियातल्या. तिथल्या मोठ्या नाट्यगृहात त्या बॅले करायच्या. गुडघ्यामुळे नाच सुटला. पुढे तिकडे शिकायला आलेल्या काकांशी लग्न करून त्या आमच्या उसाच्या गावात आल्या. लहानपणी एका दुपारी मी त्यांच्या पायरीवर नेहमीसारखी बसले होते.

"आत्या, राळ द्या की थोडी," काकू सासूबाईंना म्हणाल्या. "बूट घसरत्यात. परत अंगठ्यांवर उभं ऱ्हाता येतंय का बघायचंय."

"पडलीस तर धारा कोण काढंल?" म्हणत आत्यांनी धुपाच्या डब्यातला खडा दिला.

काकूंनी तो फरशीवर चुरला आणि जुन्या गुलाबी बुटांची टोकं त्यात घासली. पहिल्यांदा गुडघा थरथरला, त्या खाली आल्या. दुसऱ्यांदा उठल्या त्या थेट अंगठ्यांच्या टोकांवर, आणि तशाच उभ्या राहिल्या. हात संथपणे उघडत गेले.

तेव्हा मला फक्त काकू दिसत होत्या. आत्यांनी मुकाट्याने दुधाच्या किटल्या उचलून त्यांच्यासाठी पडवी मोकळी केली होती, ते आज दिसतं.