गोमातात्या आणि चैत्रात रुसणारं मशीन

गोमातात्या हिरवळीवर पाऊल टाकण्याआधी वहाणा काढून कडेला ठेवत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आत कुठेतरी एखादा देव असावा. मीही मुकाट्याने बूट काढले आणि मोज्यांनिशी दवात उभा राहिलो. तात्यांनी माझ्या ओल्या मोज्यांकडे बघून विचारलं, "भाऊसाहेब, तुमी कशाला काढले?" त्यांचं कारण अगदी साधं होतं. गवत किती वाढलंय ते त्यांना पायाने कळायचं. गवताचं टोक घोट्याच्या हाडाला लागलं की कापायची वेळ झाली. मी कशाला बूट काढले, हे मात्र मला सांगता येईना. त्यांच्या सहवासातली माझी पुढची वर्षं साधारण याच अवस्थेत गेली.

चौक आणि खालापूरच्या मध्ये आमच्या कारखान्याचं गेस्ट हाउस होतं. सत्तरच्या दशकात मी तिथे व्यवस्था बघायला लागलो, तोही तात्पुरता. दर सहा महिन्यांनी मुदत वाढायची. तात्या तिथले माळी. गाव लोधिवली, घरची भातशेती, ती आता मुलं बघत. बारीक अंगाचा, सावकाश चालणारा माणूस. पावसाळ्यात ते एकटेच विळा घेऊन बसत आणि हिरवळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा वाढलेलं असे. त्याची त्यांना मजा वाटायची. "गवताला कुठं जायचं नसतं, भाऊसाहेब. मंग मला कशाला घाई?" म्हणायचे.

उन्हाळ्यात मात्र वेगळी वहिवाट होती. लोधिवलीची विठाबाई आणि तिच्याबरोबरच्या तिघीजणी विळे घेऊन येत, रांगेने बसून सगळी हिरवळ कापत आणि गवताचे भारे डोक्यावर घेऊन जात. मजुरी नाही, गवत त्यांचं. चैत्र लागला की डोंगर पिवळे पडत, बांधावर काडी उरत नसे, आणि पाताळगंगेच्या पाण्यावर पोसलेली आमची हिरवळ हा आसपासचा एकच हिरवा तुकडा राही. त्यांच्या म्हशी मृगापर्यंत दूध द्यायच्या त्या या तुकड्यावर.

कारखान्याच्या मोठ्या साहेबांना हे खटकायचं. कारखान्यात यंत्रं बसवायला परदेशी पाहुणे येत, व्हरांड्यात चहा घेत, आणि समोर चार बायका विळे घेऊन बसलेल्या. "हे बरं दिसतं का? पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन घ्या. ही तुमच्या कामाची परीक्षा समजा," ते मला म्हणाले. म्हणजे मशीन चांगलं निघालं तर मी कायम, नाहीतर आहेच सहा महिने.

मी माहितीपत्रकं मागवली आणि माझ्या डोक्याचा भुगा झाला. एकात रुळासारखी फिरणारी पाती, दुसऱ्यात पंख्यासारखं एकच आडवं पातं. कशाचं इंजिन दोन स्ट्रोकचं, कशाचं चार. जीपचा ड्रायव्हर म्हणाला चाकं मोठी बघा, वायरमन म्हणाला पेट्रोलचं घेऊच नका. मी सगळ्यांचं ऐकून वहीत लिहिलं आणि वही वाचून आणखी गोंधळलो. शेवटी मुंबईचा विक्रेता दोन मशीनं टेंपोत घालून घेऊन आला. मी त्याला हॉर्सपॉवर विचारत होतो, ती विचारून पुढे काय करायचं हे माहीत नसताना. तात्यांनी दोन्ही मशीनं कलती करून खालून बघितली आणि एकच प्रश्न विचारला, "कापलेलं गवत पडतं कुठं?"

एकाचं गवत तिथेच पसरत होतं. दुसऱ्याला मागे कापडी पिशवी होती, सगळं गवत तिच्यात. तात्या म्हणाले, "हे घ्या." मला वाटलं, स्वच्छतेसाठी म्हणतात. नंतर त्यांनीच सांगितलं, "बायकांना बसायला नको, कापायला नको. पिशवी उचलली की चालल्या घरला." ते मनापासून खूश होते.

पहिला घोळ मी घातला. माझ्या भावाची स्कूटर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालायची, म्हणून मीही मापात ऑइल मिसळलं. या इंजिनाचं ऑइल वेगळ्या तोंडातून भरायचं असतं, हे पुस्तकातलं पान मी दुसऱ्या दिवशी वाचलं. पहिल्या दिवशी निळ्या धुरात गेस्ट हाउस दिसेनासं झालं. मी ओरडत होतो, इंजिन चालू करायची दोरी ओढत होतो, पुन्हा ओरडत होतो. तात्यांनी माझा हात धरून बाजूला केला. "थंड होऊ द्या. मंग बोलू." मग इंजिनात ठिणगी पाडणारा, काळा पडलेला प्लग घाईघाईने काढताना पान्याचा फटका बसून त्याची चिनीमाती तडकली, म्हणजे आता ठिणगी पडायची नाही. मी तो झुडपात भिरकावला आणि नवा बसवला.

त्यानंतर मशीनला हात तात्यांचा. रोज इंजिनातल्या मापाच्या काठीने ऑइल बघायचे आणि काठी स्वतःच्या पोटरीला पुसायचे. पेट्रोल जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचे. पातं उतरवून कोयत्यासारखं दगडावर घासायचे आणि मधल्या भोकातून खिळ्याला टांगून बघायचे, एक बाजू खाली गेली की तेवढी आणखी घासायची. "एकीकडं जड झालं तर मशीन थरथरतं, सगळे नट सैल." दव उतरल्याशिवाय कापायचं नाही, गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही. इंजिन तापलं, मी तापलो किंवा मोठे साहेब तापले, तरी औषध एकच होतं: थंड होऊ द्या, मंग बोलू.

चैत्र आला. बायका आल्या, तात्यांनी ऐटीत भरलेल्या पिशव्या त्यांच्या फडक्यांत रिकाम्या केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी विठाबाई तेच गवत तसंच तात्यांकडे परत घेऊन आली.

"दादा, म्हशीनं तोंड लावलं नाय."

"नाय? का गं?"

"हुंगलं आन् मान फिरवली. चौघींच्या बी तसंच. धुराचा वास येतोय. आन् सगळा चुरा, रातीत आंबला."

तात्यांनी मूठभर गवत नाकाशी धरलं. मग ते भारा उचलून खताच्या खड्ड्याकडे गेले. मी तिथेच उभा होतो, पण मला त्यात विशेष काही वाटलं नाही, याची आज लाज वाटते.

चारच दिवसांनी मशीन बंद पडलं. तात्या दोरी ओढून दमले, मी ओढून दमलो. खोपोलीच्या मेकॅनिककडे पाठवलं, त्याचा निरोप आला, "पहिल्या दोरीला चालू झालं, न्या." आणलं, बंद. पुन्हा पाठवलं, चालू. मेकॅनिक स्वतः आला, तात्यांनी त्याला आधी चहा दिला, तोवर मशीन सावलीत पुसून ठेवलं आणि त्याच्या हातात ते लगेच घुरघुरलं. तो गेल्यावर बंद. मी पेट्रोल बदललं, फिल्टर धुतला, जमिनीचा उतार मोजला. कुणीतरी म्हणालं उन्हामुळे, तेही मी वहीत लिहिलं. हिरवळ वाढत होती, नाइलाजाने विळेवाल्या बायकांना बोलवावं लागलं. मृगाचा पाऊस पडला आणि मशीन आपोआप सुरळीत झालं.

असं तीन वर्षं झालं. दर चैत्रात मोठे साहेब म्हणत, "हेच मशीन तुम्ही निवडलं होतं ना?" आणि माझी मुदत सहा महिन्यांनी वाढे. मी रात्री अंथरुणात त्या मशीनशी भांडायचो.

तिसऱ्या वर्षी गणपतीनंतर तात्या छातीच्या दुखण्याने घरी पडून राहिले. मी लोधिवलीला भेटायला गेलो. त्यांनी उशाची पत्र्याची डबी काढून माझ्या हातात दिली. आत फडक्यात गुंडाळलेला तडकलेला प्लग होता. माझाच. मी झुडपात फेकलेला.

"होळी झाली की ह्यो घालायचा," ते शांतपणे म्हणाले, "आन् मेकॅनिकपुढं आन् मिरगाला चांगला परत."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला आणि मग नुसता संताप. "तात्या, तीन वर्षं मी लोकांची बोलणी खाल्ली! माझ्या नोकरीचं काय?"

"बसा. थंड होऊ द्या. मंग बोलू."

"नाही बसत! आत्ता सांगा!"

त्यांना धाप लागली होती. थांबून म्हणाले, "पिशवीचं मशीन मीच घ्या बोललो. चुकी माजी. तुमी शिकलेले, भाऊसाहेब. तुमाला दुसरी नोकरी हाय. म्हशीला चैतात दुसरं गवत हाय का?"

सून चहा घेऊन आली होती, तो न घेताच मी निघालो. डबी मात्र खिशात राहिली. दिवाळी झाली आणि तात्या गेले. तो चहा घ्यायला हवा होता, एवढंच मला त्या दिवशी स्मशानात राहून राहून वाटत होतं.

फाल्गुनात मोठ्या साहेबांनी बोलावलं. "यंदा उन्हाळ्यात मशीन चालू राहू द्या, तुमचं कायमचं पत्र काढतो."

चैत्रातल्या एका सकाळी पाहुणे यायचे होते. दव उतरल्यावर मी स्वतः मशीन बाहेर काढलं. चांगला प्लग जागेवरच होता. पहिल्या दोरीला सुरू झालं. दोन पट्टे कापले, तिसऱ्याला वळलो तर फाटकात विठाबाई आणि तिघीजणी विळे घेऊन उभ्या. कुणी तक्रार केली नाही. इंजिनाच्या आवाजावर विठाबाई ओरडली, "मशीन चालू हाय होय? आमी जाऊ मंग?"

मी मशीन बंद केलं. पाना घेतला आणि प्लगला हात लावला तर चटका बसला. म्हणून बूट काढून गवतात बसून राहिलो. तात्यांनी मला फसवलं की विश्वासात घेतलं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं आणि अजूनही नीट कळलेलं नाही. पण माणूस फार आठवत होता, डोळे भरून येत होते. हात लावण्याइतका गार झाल्यावर मी तो काढून डबीतला तडकलेला प्लग बसवला आणि बायकांना हाताने आत बोलावलं.

तेवढ्यात मोठे साहेब व्हरांड्यात आले. विळे बघून त्यांचा आवाज चढला. "आत्ता तर आवाज येत होता! काय झालं मशीनला?"

मी त्यांच्यासमोर दोन वेळा दोरी ओढून दाखवली. मशीन हूं की चूं करेना.

"थंड होऊ द्या, साहेब," मी म्हणालो. "मग बोलू."