पांढरीकाकू आणि मागच्या दारचं डबकं

पांढरीकाकूंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव वाचतो, डोकं खाजवतो आणि मग "अरे, म्हणजे पांढरीकाकू!" असं म्हणत लॉन्ड्रीच्या पायऱ्या चढतो. हे नाव त्यांना धुण्यानेच मिळवून दिलं. त्यांच्याकडून धुऊन आलेला पांढरा शर्ट घालून कुणी उन्हात उभं राहिलं, की समोरच्याला डोळे बारीक करून बोलावं लागायचं. डॉक्टरीणबाईंचे कोट, हॉटेलातल्या आचाऱ्याची उंच टोपी, नगरपालिकेच्या साहेबांचे शर्ट, सगळं त्यांच्याकडे यायचं.

लॉन्ड्री म्हणजे पुढे एक खोली, मागे एक खोली. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि टेबलामागे काका. काका फारसं बोलायचे नाहीत. बोललेच तर इस्त्रीतून वाफ निघावी तसं एखादं वाक्य फुस्सकन बाहेर यायचं. मागच्या खोलीत हौद, मागच्या दाराबाहेर विहीर, विहिरीपुढे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, आणि दोऱ्यांच्या पलीकडे ते डबकं.

डबकं हा काकूंचा शब्द. खरं तर चांगली ऐसपैस पाणथळ जागा होती ती. साऱ्या बाजाराचा गाळ घेऊन येणारा ओढा तिथे पसरायचा, लव्हाळ्यांत आणि पाणकणसांत रेंगाळायचा आणि मग सावकाश पुढे निघायचा. तिथे बगळे होते, बदकं होती, आणि बेडूक होते. बेडकांवर काकूंचा विशेष राग. "मेल्यांना ना काम ना धंदा, नुसता घसा फोडायचा," असं त्या रोज म्हणायच्या. त्यातून एकदा डॉक्टरीणबाईंच्या कोटाच्या खिशात बेडूक गेला. बाईंनी पेन काढायला खिशात हात घातला आणि बेडूक टेबलावर येऊन बसला. समोरच्या पेशंटचं गुडघ्याचं दुखणं जागच्या जागी पळालं आणि पाठोपाठ पेशंटही. पण नाव खराब झालं ते लॉन्ड्रीचं.

काकूंच्या पांढऱ्याचं एक गुपित होतं. सासूबाईंनी जाण्यापूर्वी त्यांना एक मोठी बरणी दिली होती. बरणीत पूड. "हौदात एक चिमूट टाकायची. कुणाला सांगायचं नाही, आणि जिभेला लावायची नाही. जीभ पांढरी पडेल." काकू रोज सकाळी हौद भरला की दार लावून घ्यायच्या, हात जोडून म्हणायच्या, "देवा, हाताला गुण दिलास, तो राहू दे," आणि चिमूट टाकायच्या. त्या वेळी काकांनासुद्धा आत यायला बंदी. काका म्हणायचे, "मला आत येऊन करायचंय काय?"

धाकट्या जावेची लॉन्ड्री ओढ्याच्या वरच्या अंगाला, बाजारालगत होती. साबण तोच, कष्ट तेवढेच, पण तिचे पांढरे कपडे नेहमी दुधावरच्या सायीसारखे पिवळट निघायचे. पूर्वी तिने एकदा विचारलं होतं, "जाऊबाई, तुम्ही करता तरी काय?" काकू म्हणाल्या, "हाताचा गुण असतो गं एकेकाच्या." तेव्हापासून जाऊ बोलायची बंद झाली ती झालीच.

तर खिशातल्या बेडकानंतर काकू तडक नगरपालिकेत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "ते डबकं एकदाचं बुजवा."

साहेबांना कुणीतरी हे म्हणावं असं कधीपासून वाटत होतं. "काकू, मनातलं बोललात बघा! एवढी जागा पडून आहे, उत्पन्न काय? बेडूक! तिथे गाड्या लावायला तळ केला तर शहर कुठच्या कुठे जाईल."

दगडविटांचा राडारोडा भरून ट्रक यायला लागले. काकू प्रत्येक ड्रायव्हरला चहा द्यायच्या, हाताने दाखवायच्या, "हां, इकडे ओता, हे बेडूक इथेच जास्त असतात." रेंगाळणारा ओढा उचलून सिमेंटच्या सरळ नाल्यात घातला गेला. नाला गेला लॉन्ड्रीच्या विहिरीला खेटून. फक्त शेवटचा ट्रक जरा पुढे गेला आणि खिडकीपर्यंत चिखलात रुतला. ड्रायव्हर टपावरून उडी मारून बाहेर आला, चहा प्यायला आणि "बघतो, क्रेन आणतो" म्हणून जो गेला तो गेलाच. ट्रकच्या बॉनेटवर बदकांनी संसार मांडला. ट्रकच्या मागे, जिथे नाल्याचं थोडं पाणी झिरपत यायचं तिथे, लव्हाळ्यांची एक पट्टी तेवढी वाचली.

सगळ्यात आधी आले बेडूक. त्यांना कुठेतरी राहायला हवंच होतं. ते लॉन्ड्रीत राहायला आले. हौदाच्या काठावर बेडूक, साबणाच्या डब्यात बेडूक, काकांच्या चपलेत बेडूक. काका पाय घालण्याआधी चपलेला विचारू लागले, "आहेस का रे?"

मग पाणी बदललं. विहिरीतून बादली वर आली ती चहासारखी. काकूंना वाटलं, एखाद्या दिवसाचं असेल. पण चहा रोजच येऊ लागला, आणि कपडे त्याच रंगाचे निघू लागले. काकूंनी चिमटीच्या जागी मूठ टाकली, मुठीच्या जागी ओंजळ. कपडे पांढरे झाले नाहीत, कडक मात्र झाले. डॉक्टरीणबाईंचा कोट हँगरवरून काढला तरी उभाच राहिला. काकांनी त्याला खुर्ची पुढे केली.

शेवटी आचारी आला. धिप्पाड माणूस, मिशा तुपात बुडवून आल्यासारख्या. त्याने टोपी काउंटरवर ठेवली.

"काकू, ही घालून मी बाहेर आलो तर गिऱ्हाईक म्हणालं, टोपी जरा जास्त भाजली गेली वाटतं."

"पुढच्या खेपेला होईल हो नीट."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालात. मालक म्हणतायत, या रविवारपर्यंत जमलं नाही तर सगळे टेबलक्लॉथ तुमच्या जावेकडे. दवाखान्याचंही तेच ठरतंय म्हणे. तिचे निदान सायीच्या रंगाचे तरी असतात."

काकूंनी मनात हिशोब केला. हॉटेल गेलं, दवाखाना गेला, तर उरणार काय? काकांची इस्त्री आणि चपलेतला बेडूक. आणि नाव? पांढरीकाकू म्हणून कुणी हाक मारली तर ती थट्टाच वाटायची.

तेवढ्यात दारात जाऊ उभी! कामं आपल्याकडे येणार हे तिच्या कानावर गेलं होतं. गंमत बघायलाच आली होती, पण काउंटरवरची टोपी बघून तिची गंमत जरा ओसरली.

"जाऊबाई, हे काय झालं हो?"

"तुला काय करायचंय?"

"मला काय करायचंय? इतकी वर्षं मी रात्रंदिवस जळले! म्हटलं, सासूबाईंनी यांना खरी पूड दिली आणि मला खोटी!"

काकू काउंटरवरून पुढे वाकल्या. "तुला? तुलाही दिली?"

"दिली की! बरणीभर. 'फक्त तुलाच देते' म्हणाल्या."

काकू आत गेल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा बरणी चारचौघांत घेऊन बाहेर आल्या. जाऊ वाकून बघत म्हणाली, "हीच! अगदी हीच. जिभेला लावू नका हं, जीभ—"

पण आचाऱ्याला वस्तू दिसली की चाखायची, ही जन्माची खोड. त्याचं बोट बरणीत जाऊन तोंडात गेलंसुद्धा. दोघी जावा त्याच्या जिभेकडे बघत राहिल्या. आचाऱ्याने डोळे मिटले, मिटक्या मारल्या आणि निकाल दिला.

"मीठ आहे."

"काहीतरीच काय!"

"काकू, अख्खा जन्म यातच गेला माझा. मीठ. थोडं जुनं झालंय, पण मीठच."

इस्त्रीमागून वाफ निघाली. काका म्हणाले, "आई सगळ्यातच मीठ टाकायची."

जाऊ आधी हसायला लागली, मग रडायला, मग दोन्ही एकदम. काकूंना मात्र हसूही येईना आणि रडूही. "मग माझे कपडे पांढरे कशाने निघायचे?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्या तिरमिरीत त्यांनी आचाऱ्याची टोपी उचलली, मागचं दार उघडलं आणि चालायला लागल्या. कुठे चाललोय हे त्यांनाही माहीत नव्हतं. राडारोड्यावरून ठेचकाळत त्या रुतलेल्या ट्रकपर्यंत पोचल्या, पाय घसरला आणि बदकांच्या गोंगाटात ट्रकमागच्या पाण्यात बसत्या झाल्या. टोपी गेली लव्हाळ्यांत.

मागोमाग धावत आलेल्या जावेने एका हाताने काकूंना ओढलं, आचाऱ्याने दोन्ही हातांनी टोपीला. साबण नाही, मीठ नाही, नुसती बुचकळून निघालेली टोपी. अगदी झळझळीत नाही, पण रंग दोन पायऱ्या खाली उतरला होता. जाऊ पाण्यात वाकून बघू लागली. लव्हाळ्यांच्या मुळांशी तळातले खडे मोजता येत होते. पलीकडे सिमेंटच्या नाल्यात चहा धावत होता.

"जाऊबाई," ती हळूच म्हणाली, "माझ्याकडे ओढा या डबक्याच्या आधी येतो. तुमच्याकडे नंतर यायचा."

काकूंनी चिखलात बसल्या बसल्याच आधी नाल्याकडे पाहिलं, मग लव्हाळ्यांकडे. एक बेडूक येऊन त्यांच्या मांडीवर बसला. त्यांनी त्याला हाकललं नाही.

काकू नगरपालिकेच्या सभेला गेल्या, तर तिथे आधीच गर्दी होती. नाल्याकाठच्या सगळ्यांच्या विहिरी गढूळ झाल्या होत्या; हॉटेल, दवाखाना, सगळेच तक्रार घेऊन आले होते. साहेबांनी इंजिनियरला विचारलं, "पाणी साफ करणारं यंत्र बसवायला किती लागेल?" इंजिनियरने आकडा सांगितला. साहेबांनी प्यायला पाणी मागवलं, आणि पेला बघून परत पाठवला. "गाड्यांच्या तळातून किती वर्षांत निघेल एवढं?" त्यांनी विचारलं. इंजिनियर म्हणाला, "आपल्या हयातीत नाही, साहेब. आणि ते यंत्र चालवायचा खर्च दरसाल वेगळा."

तेव्हा काकू उठल्या. सगळं गिऱ्हाईक समोर होतं, आणि इतक्या वर्षांची ऐट जिभेच्या टोकावर येऊन अडली होती. मनातल्या मनात त्यांनी देवाला म्हटलं, "आता तूच बोलायला लाव."

"यंत्र नको. यंत्र होतं आपल्याकडे," त्या म्हणाल्या. "वीज नको, माणूस नको, आपलं आपण चालायचं. मीच तक्रार करून त्यावर विटा ओतायला लावल्या, वर ड्रायव्हरला चहा पाजला. माझ्या हाताला गुणबिण काही नाही हो. ते डबकं माझी धुणी धुवायचं आणि पैसे मी घ्यायचे."

"आणि तुमची ती पूड?" कुणीतरी विचारलं.

"मीठ."

"मी चाखलंय!" मागून आचारी ओरडला.

साहेब खाली बघत होते. काकूंना आधी वाटलं, विचारात पडलेत. मग कळलं, ते आपल्या शर्टाच्या बाहीकडे बघतायत. "काकू," ते खाजगी आवाजात म्हणाले, "मला वाटत होतं हा शर्ट क्रीम रंगाचाच होता."

राडारोडा काढणं यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त पडलं. ओढा पुन्हा मोकळा सोडला, लव्हाळे हळूहळू परतले, आणि बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी बादली वर आली ती आरशासारखी. रुतलेला ट्रक मात्र तसाच आहे. क्रेन आली होती, पण बॉनेटवर पिल्लं निघालेली बघून क्रेनवालाही चहा पिऊन निघून गेला. हॉटेल आणि दवाखाना काकूंकडेच राहिले, पण जाऊही आता आपले पांढरे कपडे काकूंच्या विहिरीवर आणते. दोघी मिळून सासूबाईंना नावं ठेवतात आणि कपडे पिळतात.

नवं गिऱ्हाईक विचारतं, "काकू, करता तरी काय?" काकू सरळ सांगतात, "मागे डबकं आहे, ते करतं." गिऱ्हाईक हसतं आणि बाहेर जाऊन म्हणतं, "बाई पक्की आहे, गुपित सांगत नाही."

काकू अजूनही सकाळी हौद भरला की हात जोडतात, आता दार उघडं ठेवून. मीठ टाकत नाहीत. प्रार्थनेत मात्र थोडी भर पडली आहे: "देवा, पाणी राहू दे, लव्हाळे राहू देत, बेडकांचंही भलं कर. फक्त त्यांना खिशापासून जरा लांब ठेव."

पुढच्या खोलीतून काकांचा आवाज येतो, "आणि चपलेपासून."