मागच्या सीटवरचे पाय

माझ्या तोंडाला लगाम नाही, यावर आमच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे. आठवडाभर पॉलिटेक्निकात पोरांवर ओरडायचं आणि रविवारी ग्लायडरच्या मैदानावर जाऊन तिथल्या पोरांवर ओरडायचं, अशी माझी कितीतरी वर्षं गेली. सोलापूरबाहेरच्या माळावर आमचं छोटं मैदान आहे. पत्र्याचं शेड, दोन ग्लायडर आणि ती दोर लावून वर खेचणारी विंच, बास. बिनइंजिनाचं विमान उडवायला शिकवतो म्हटल्यावर आमच्या जुळे सोलापूर भागातले शेजारी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघतात. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

ग्लायडरचा वेग फार कमी झाला आणि त्यातच ते एका बाजूला वळत असलं, तर त्या बाजूचा पंख पडतो आणि ग्लायडर नाक खाली घालून गरगर फिरत जमिनीकडे निघतं. याला स्पिन म्हणतात. उतरताना कमी उंचीवर हे झालं तर खेळ खल्लास. म्हणून एकट्यानं उडायची परवानगी द्यायच्या आधी विद्यार्थ्याला भरपूर उंचीवर नेऊन मुद्दाम स्पिन करायला लावतात, आणि त्यातून त्यानं स्वतः बाहेर काढून दाखवायचं असतं. उपाय तसा सोपा. फिरतंय त्याच्या उलट बाजूचं पायाखालचं पेडल पूर्ण दाबायचं, मग हातातली स्टिक पुढे करायची, फिरणं थांबलं की पेडल सरळ करून हळूहळू नाक वर घ्यायचं. विद्यार्थी पुढे बसतो, शिक्षक मागे. पेडलं दोघांनाही असतात आणि आतून जोडलेली असतात, त्यामुळे पुढच्यानं दाबलं की मागचीही हलतात.

आणि मी, शिक्षक, स्पिनला घाबरायचो. लिहून टाकलं एकदाचं! फळ्यावर शिकवताना माझा आवाज शेडबाहेर ऐकू जायचा. पण कुणाची स्पिनची पाळी आली की काहीतरी कारण काढून मी त्याला आमच्या दुसऱ्या शिक्षकाकडे ढकलायचो. इतकी वर्षं ते खपून गेलं.

मग एक मुलगी शिकायला आली, शहराच्या पूर्वभागातल्या विणकर वस्तीतली. घरी यंत्रमाग, घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि मी शिकवलेल्यांत तिच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. पहिल्या दिवशी वडील तिला स्कूटरवरून घेऊन आले होते. मला म्हणाले, "सर, मला यातलं काय कळत नाही बघा. तुम्ही हो म्हणाल तोवर उडेल, तुम्ही नको म्हणाल त्या दिवशी बंद." माझी छाती दोन इंच फुगली. तिला एकटीनं उडायचं होतं, दुसरं काही नको होतं, आणि त्याच्या आड आता फक्त स्पिन राहिला होता.

तिची स्पिनची पाळी आली त्या रविवारी दुसरा शिक्षक गावाला गेलेला. ऊन मार्चचं, तापलेल्या रानावरून हवा मस्त वर उठत होती. तिनं त्या हवेवर गिरक्या घेत घेत चार हजार फूट गाठले. आता टाळायला कारण उरलं नव्हतं. तिनं नाक वर धरून वेग कमी केला, डावं पेडल दाबलं आणि डावा पंख धाडकन पडला. समोर आभाळ होतं तिथं ज्वारीची रानं फिरायला लागली.

"काढ आता!" मी म्हणालो.

"दाबतेय सर!"

"जोरात दाब!"

"जातच नाही!"

एक फेरा झाला, दुसरा झाला, तिसरा सुरू झाला. "माझ्याकडे!" मी किंचाळलो. याचा अर्थ आता विमान शिक्षकाच्या ताब्यात. तिनं त्याच क्षणी हातपाय सोडले. मी उजवं पेडल दाबलं, ते लोण्यासारखं गेलं. ग्लायडर सरळ झालं आणि आम्ही उतरलो.

खाली सगळे जमले होते. ती हळूच म्हणाली, "सर, पेडल जाम होतं."

झालं! मी जो सुटलो! "जाम? मी दाबलं तर कसं गेलं मग? पायात जीव नाही तर यायचंच कशाला इथं? आज मी नसतो तर दोघांची हाडं वेचावी लागली असती!" विंचवाल्या मामांनी वाकून पेडल हलवून बघितलं. मोकळं होतं. ती हेल्मेट उचलून शेडमध्ये गेली. मामा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सायेब, पोरीला लई बोललात की." मी त्यांनाही गप्प केलं.

संध्याकाळी मी तिच्या वडिलांना फोन केला. हे काम तिच्यानं होणार नाही, बंद करा, म्हणालो. ते म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून पोरगी वाचली माझी." दिवाळीला घरच्या मागावरच्या टॉवेलांचा जोड घेऊन ते आमच्याकडे आले, माझ्या बायकोसमोर मला हात जोडले. मी ते टॉवेल वापरले.

पुढच्या वर्षी माझी स्वतःची परीक्षा आली. शिक्षकांचीही अधूनमधून घेतात. बाहेरगावचे एक वयस्कर शिक्षक आले होते. ते विद्यार्थ्यासारखे पुढे बसले, मी मागे. त्यांनी स्पिन केला आणि बाहेर काढला. उतरल्यावर मला शेडमागे घेऊन गेले.

"पाय कुठे होते तुमचे?"

"पेडलजवळ. मोकळे."

"मोकळे? अहो, दोन्ही पाय ताठ करून पेडलांवर रोवून बसला होतात तुम्ही! मला सगळी ताकद लावावी लागली. माझ्या जागी एखादं हलकं पोर असतं तर त्याच्यानं पेडल हललंही नसतं." मग त्यांनी विचारलं, "आधी कधी असं कुणाला झालंय?"

"नाही," मी म्हणालो.

ते 'नाही' तोंडातून किती पटकन निघालं, याची मला आजही किळस वाटते. पायांचं मला खरंच कळलं नव्हतं, देवाशपथ. पण 'नाही' मी कळून सवरून म्हणालो. घरी आलो, अंघोळ केली, अंग पुसायला तोच टॉवेल हातात आला आणि मी न्हाणीतच बसून राहिलो.

तिच्या घरी जायला मला तीन आठवडे लागले. त्याआधी मैदानावरच्या उड्डाणांच्या नोंदवहीत खरं काय झालं ते लिहिलं आणि शिकवणं सोडलं. हे शौर्य नव्हे, मला मागे आता कुणी बसवून घेतलंही नसतं.

वडिलांनी मला बघून चारही माग बंद केले, म्हणजे बोलणं ऐकू यावं. खुर्ची पुसून दिली. चहा आला. कप तसाच हातात धरून मी सगळं सांगितलं: पेडल माझ्याच पायांनी अडलं होतं, तिनं केलं ते बरोबर होतं, आणि दोघं मरता मरता वाचलो ते माझ्यापासून.

वडील माझ्यासमोर स्टुलावर टेकले. "म्हणजे तिचं काय चुकलं नव्हतं?"

"काही नाही."

"मी सगळ्या नातेवाइकांत सांगितलं हो, सरांनी वाचवली म्हणून. घरात काही पडलं-सांडलं तर तिला म्हणायचो, तुझ्यानं होत नाही." एवढं बोलून त्यांनी आत हाक मारली आणि तेलुगूत तिला काहीतरी सांगितलं. ती दारात येऊन उभी राहिली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.

"माहीत आहे सर," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुमचे पाय होते ते. थरथरत होते. पेडलातून माझ्या तळव्यांना कळत होतं."

मी कप खाली ठेवला. "अगं, मग तेव्हाच बोलली का नाहीस? एवढं बोललो मी तुला!"

तिनं आधी वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सगळे उभे होते की तिथं," ती म्हणाली. "सर घाबरलेत, हे चारचौघांत कसं सांगायचं?"